वाढ संपण्याआधी

डॅशहुंड, बॅसेट हाउंड यांचे आखूड पाय माणसाला शिकारीसाठी सोयीचे वाटले, म्हणून पिढ्यानपिढ्या मुद्दाम जपले गेले. या आखूडपणामागे एफजीएफ-४ या जनुकाची एक जादा प्रत आहे, हे २००९मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. पण पाय आखूड असणं वेगळं आणि वाकडा होऊन दुखणं वेगळं. शस्त्रक्रिया लागते ती दुखणाऱ्याला.

कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपराखाली रेडियस आणि अल्ना ही दोन हाडं शेजारी-शेजारी असतात. त्यांनी जोडीनं वाढायला हवं. अल्नाची सुमारे ८५ टक्के वाढ मनगटाजवळच्या कूर्चेच्या एकाच चकतीतून होते. उपजत दोषानं किंवा लहानपणी मार बसून ती चकती वेळेआधी मिटली, की अल्ना खुंटते आणि रेडियस मात्र वाढतच राहतं. मग अल्ना प्रत्यंचेसारखी ओढून धरते, रेडियस धनुष्यासारखं वाकतं, पंजा बाहेर वळतो. कोपराचा सांधाही बिघडतो.

पिल्लू वाढीचं असेल, तर सर्जन अल्नाचा तुकडाच काढून टाकतात. त्या फटीत पिल्लाच्याच अंगातली चरबी भरतात. कारण इथे हाड लवकर जुळून येणं हेच संकट! ओढ सुटली की रेडियस उरलेल्या वाढीत बरंचसं सावरू शकतं. वाढ संपल्यावर मात्र ही सोय नाही. तेव्हा सीटी स्कॅनवर कोन मोजायचे, रेडियस कापायचं, सरळ करून प्लेट-स्क्रूनं बसवायचं.

लांबीही कमी पडत असेल, तर पायाभोवती कड्या आणि तारांची चौकट बसवतात. ही सोव्हिएत सर्जन गाव्रिल इलिझारोव्ह यांची, सायबेरियातल्या कुर्गानची देणगी. कापलेल्या हाडाची टोकं रोज साधारण एक मिलिमीटर, तेही थोडंथोडं करून, दूर सरकवली की मधे नवं हाड धरतं. हा वेग त्यांनी पारखला तो कुत्र्यांच्या पायांवर प्रयोग करून. माणसांना त्याचा अफाट फायदा झाला. कुत्र्यांना निदान वाटा तरी मिळाला.

आपल्याकडच्या पॉमेरेनियनची तक्रार बहुधा मागच्या पायाची असते. धावताना मधेच एक पाय उचलून दोन-चार उड्या मारतो आणि पुन्हा नीट चालू लागतो, तेव्हा मालकाला तो लाडीगोडी करतोय असं वाटतं. खरं तर गुडघ्याची वाटी खोबणीतून सरकलेली असू शकते. या दोषाच्या चार श्रेणी मानतात. पहिलीत सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. चौथीत वाटी कायमची निसटलेली असते, मांडीचं आणि नडगीचं हाडही पिळलेलं असतं. तिथे नुसती खोबण खोल करून भागत नाही, हाडंही कापून सरळ करावी लागतात.