कपातीच्या गावातली माफी

शेतकऱ्यांच्या नावावर जमा होणाऱ्या सरकारी पैशाचे निर्णय आणि याद्या मी बरीच वर्षं जमवतो आहे. ‘पीएम किसान’चे वर्षाला ६,००० आणि त्यावर राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे ६,००० वाचकांना पाठ आहेत. मला छळतो तो दुसराच प्रश्न : वेळेवर कर्ज फेडणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

तो विचारायला कोल्हापूरच्या कसबा बावड्यासारखं गाव नाही. इथला राजाराम कारखाना म्हणजे पूर्वीची कोल्हापूर शुगर मिल. सभासद ऊस घालतो आणि बिल हातात पडायच्या आत सोसायटीच्या पीककर्जाची कपात होते. थकायला वावच कमी. त्यामुळे पीककर्जाच्या वसुलीत कोल्हापूर जिल्हा पुढे आणि थकबाकीवर बेतलेल्या प्रत्येक माफीत मागे.

२००८च्या केंद्राच्या माफीत पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याचं ३१ डिसेंबर २००७ला थकलेलं आणि फेब्रुवारीअखेरही न फेडलेलं कर्ज माफ झालं. नियमित फेडणाऱ्याला छदामही नाही. ज्यांना माफी मिळाली, त्यांचीही सुटका झाली नाही. कोल्हापूर जिल्हा बँकेच्या हजारो खातेदारांना मंजूर कर्जमर्यादेपेक्षा जास्त उचल दिली गेली, असा ठपका नाबार्डने ठेवला. ११२ कोटींवर रक्कम अपात्र ठरली आणि परत गेली. माफ झालेलं कर्ज पुन्हा सातबाऱ्यावर येऊन बसलं.

या वादाचे कागद वाचताना माझा राग शेतकऱ्यावर निघत नाही. एकरी कर्जाचा दर समिती ठरवते, मंजुरी सोसायटी आणि बँक देते. उसाची लागण, खत, पाणी यांचा खर्च त्या दरात बसत नाही, हे बँकेला माहीत होतं. मर्यादा ओलांडली असेल, तर ती देणाऱ्याने. मूळ योजनेत कर्जमर्यादेची अटच नव्हती, हे शेतकऱ्यांचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मग नाबार्ड सर्वोच्च न्यायालयात गेली. तोवर कितीजणांनी व्याजासकट पैसे भरून टाकले असतील!

पुढे ऑगस्ट २०१९. बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांवर गेलं. नदीकाठचा ऊस आठवडाभर पाण्याखाली कुजला. सरकारने पूरबाधित पिकाचं एक हेक्टरपर्यंतचं कर्ज माफ केलं. ती मदत होती, आणि हक्काची होती. पण नियमित फेडणाऱ्यांना ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन द्यायची वेळ आली, तेव्हा पूरमाफी घेतलेल्यांना वगळायची अट पुढे आली. जो दरसाल कपात सोसत आला, त्याला एका महापुराने थकबाकीदारांच्या रांगेत बसवायचं? कोल्हापुरात शेतकरी रस्त्यावर उतरले. २७ जुलै २०२२च्या मंत्रिमंडळ निर्णयात २०१९चे पूरग्रस्तही पात्र धरले गेले. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांपैकी कोणत्याही दोन वर्षांची फेड पुरेशी मानली. कर्जदार वारला असेल, तर वारसालाही रक्कम देऊ केली.