परदेशातली भिशी आणि तुमचे दोन तास

मास्टर्ससाठी ब्रिटनला जायचं पक्कं झालं, की घरात याद्या सुरू होतात. कुकर, मसाले, थर्मल्स, फोरेक्स कार्ड. आधी गेलेल्या सीनियर्सचा सल्लाही ठरलेला असतो : पार्टटाइम जॉब बघ, आठवड्याला २० तास मिळतात, भाड्याला हातभार लागतो. सल्ला बरोबरच आहे. पण त्या २० तासांच्या पलीकडे आठवड्यातले दोन तास आणखी एका कामासाठी काढता येतात. त्याचा एक पेनीही मिळत नाही, आणि तरी त्याबद्दल मला तुम्हाला सांगायचंय. ते काम म्हणजे क्रेडिट युनियनमधलं व्हॉलंटियरिंग.

क्रेडिट युनियन म्हणजे आपल्याकडची पतसंस्था समजा. एका भागात राहणारे किंवा एका ठिकाणी काम करणारे लोक सभासद होतात, जमेल तशी बचत करतात आणि त्याच पैशांतून सभासदांना कर्ज मिळतं. खात्यात पन्नास पौंड असोत की पाच हजार, मत एकच. मोठ्या युनियन्समध्ये पगारी स्टाफ असतो, अ‍ॅप असतं, सगळं चकाचक. लहान युनियन्सचा गाडा मात्र बराचसा व्हॉलंटियर्स ओढतात. पैसे मोजून घेणं, पासबुकात नोंद करणं, आजीबाईंना फॉर्म भरून देणं, असली कामं.

याची मुळं बघितलीत तर तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. १९४८ नंतर कॅरिबियन बेटांवरून कितीतरी माणसं कामासाठी ब्रिटनमध्ये आली. बँका त्यांना दारात उभं करायच्या नाहीत, खोली भाड्याने मिळणंही मुश्कील. मग त्यांनी जमैकाकडची ‘पार्डनर’ पद्धत तिथे चालू केली. ठरलेली माणसं, दर आठवड्याला ठरलेली रक्कम, आणि पाळीपाळीने सगळा गल्ला एकाच्या हातात. ओळखलंत ना? भिशीच की! या पार्डनरच्या पैशांतून अनेकांनी लंडनमधल्या पहिल्या घराचं डिपॉझिट भरलं. १९६४ मध्ये उत्तर लंडनच्या हॉर्न्झी भागात कॅरिबियन लोकांनी ब्रिटनमधली अगदी सुरुवातीची एक क्रेडिट युनियन काढली. त्यासाठीचा स्वतंत्र कायदा यायला १९७९ उजाडलं. आयर्लंडमध्ये नोरा हर्लिही नावाच्या शिक्षिकेच्या पुढाकाराने ही चळवळ १९५८ मध्येच उभी राहिली होती. आणि १९६० मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातली युनियन काढणाऱ्यांपैकी एक, जॉन ह्यूम, यांना पुढे १९९८ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. पतसंस्था काढणाऱ्याला नोबेल, आहे की नाही भारी?

आता जरा गणित. समजा, एखाद्या बाईचं वॉशिंग मशीन बंद पडलं आणि तिला महिनाभरासाठी ३०० पौंड हवेत. पगार होईपर्यंतचं कर्ज देणाऱ्या, तिकडे ‘पेडे लेंडर’ म्हणतात त्या कंपनीला दिवसाला ०.८ टक्क्यापर्यंत आकार लावता येतो. ही मर्यादासुद्धा २०१५ मध्ये आली. तीस दिवसांचे झाले ७२ पौंड. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या क्रेडिट युनियनला महिन्याला जास्तीत जास्त तीन टक्के व्याज घेता येतं. म्हणजे नऊ पौंड. मधल्या ६३ पौंडांत तिच्या घरातला किराणा येतो. अर्थात, पेडेचं कर्ज मोबाइलवर काही मिनिटांत मिळतं आणि युनियन थोडी चौकशी करते, वेळ घेते. गरजेच्या वेळी माणूस कुठे जाईल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे गल्लीतला सावकार याच घाईवर जगतो.

माझी कॉलेजमधली एक सीनियर ग्लासगोला एमएस्सी करतेय. दर गुरुवारी सकाळी ती तिथल्या एका प्राथमिक शाळेत युनियनच्या टेबलावर बसते. मुलं पासबुक आणि नाणी घेऊन रांगेत येतात. कुणी एक पौंड आणतं, कुणी वीस पेन्स. नाणी दोनदा मोजायची, मुलासमोर पासबुकात आकडा लिहायचा, पाकीट सील करून त्यावर दोघांच्या सह्या. झालं काम! मी तिला विचारलं, ‘‘यात शिकण्यासारखं काय आहे गं?’’ ती म्हणाली, ‘‘अगं, फायनान्सच्या लेक्चरला आम्ही लाखांच्या खाली बोलतच नाही. इथे वीस पेन्सचा हिशेब चुकला तर रांगेतलं पोरगं माझ्याकडे असं बघतं ना, की बास!’’ शिवाय ग्लासगोचं इंग्रजी कळायला लागलं, हा बोनस.

वीस पेन्स एवढे गंभीर का, हे समजून घ्यायला ‘फेअरपॅक’ची गोष्ट माहीत हवी. ब्रिटनमध्ये ख्रिसमससाठी वर्षभर थोडे थोडे पैसे साठवायची पद्धत आहे. अगदी आपल्या दिवाळी फंडासारखी. फेअरपॅक ही अशी बचत गोळा करणारी कंपनी. ऑक्टोबर २००६ मध्ये, ख्रिसमस तोंडावर असताना ती बुडाली. लाखाहून जास्त कुटुंबांची वर्षभराची बचत अडकली आणि काही भाग परत मिळायलाही कित्येक वर्षं गेली. त्या पैशांना बँकेच्या ठेवींसारखं संरक्षण नव्हतं. क्रेडिट युनियनमधल्या ठेवींना ते असतं. जाता जाता, आपल्या बाबतीत हे नीट लक्षात ठेवा : भारतात ठेव विम्याचं पाच लाखांपर्यंतचं कवच बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थांना नाही. आईचे पिग्मीचे पैसे नक्की कुठे जातात, हे आज घरी गेल्यावर विचारा.

तुम्हाला हे करायचं असेल तर एक गोष्ट सगळ्यांत आधी. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसात ‘व्हॉलंटियरिंग’ आणि ‘व्हॉलंटरी वर्क’ हे दोन वेगळे प्रकार आहेत. ऐकायला सारखेच, पण पहिला तुमच्या २० तासांत मोजला जात नाही, दुसरा मोजला जातो. करार असेल, ठरलेली ड्युटी असेल, पगारी माणसाच्या जागी तुम्हाला बसवलं असेल, तर ते बिनपगारी असूनही ‘काम’ ठरू शकतं. व्हॉलंटियरिंग साधारणपणे धर्मादाय किंवा सार्वजनिक संस्थेसाठीचं धरलं जातं, आणि प्रत्येक क्रेडिट युनियन त्यात बसेलच असं नाही. त्यामुळे होकार देण्याआधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला ई-मेल करा आणि उत्तर लेखी घ्या. रूममेट म्हणाला ‘चालतं रे’, म्हणून जाऊ नका. मोडलेल्या अटीची किंमत व्हिसाने मोजावी लागते.

दुसरी अडचण नियमांची नाही. एक वर्षाच्या मास्टर्समध्ये तुमच्या हातात जेमतेम दहा-अकरा महिने असतात, आणि पैशांच्या टेबलावर विश्वास बसायला वेळ लागतो. पहिल्या महिन्यात लोक तुमच्याऐवजी शेजारच्या ओळखीच्या काकूंकडेच पासबुक देतील. वाईट वाटून घेऊ नका, तुम्हीही तेच केलं असतं. परीक्षेच्या आठवड्यात दांडी मारणार असाल तर आधीच सांगा. आणि कुणाची किती बचत, कुणाचा हप्ता थकला, हे टेबलावरून उठल्यावर विसरायचं. इन्स्टावर रील नाही, फ्लॅटमेटला किस्सा नाही. ‘ग्लोबल एक्स्पीरियन्स’च्या नावाखाली हजारो रुपये घेऊन दोन आठवडे गरिबांत फिरवून आणणारे पॅकेजवालेही खूप आहेत. स्पष्टच सांगते, मला ते पटत नाही. तिथे फोटो तुमचे निघतात आणि हिशेब कुणाचाच लागत नाही.

कोर्स सप्टेंबरमध्ये सुरू होत असेल तर पहिल्या दोन आठवड्यांतच जवळची युनियन शोधा. स्टुडंट्स युनियनच्या व्हॉलंटियरिंग डेस्कवर चौकशी करा. शाळेत बसायचं असेल तर तुमच्या नावावर गुन्हा नाही ना, याची तपासणी होते आणि त्यात काही आठवडे सहज जातात. त्यासाठी भारतातल्या पत्त्यांचे पुरावे मागू शकतात, ते निघतानाच बॅगेत टाका. नोव्हेंबरच्या आत सगळं मार्गी लागलं तर उत्तम. कारण त्याच सुमाराला वर्षभर साठवलेले ख्रिसमसचे पैसे काढायला लोक येतात, आणि तेव्हा मोजायला हात कमी पडतात.