टॉवरच्या पत्राला भुलू नका

"तुमच्या शेतात मोबाइलचा टॉवर बसवायचा आहे. आधी कर व ना-हरकत दाखल्याची फी भरा," असे शिक्क्याचे पत्र टपालाने आले, तर ते सरकारी बिल समजू नका. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे 'ट्राय', टॉवरसाठी असा दाखला देत नाही, करही घेत नाही. त्याच्या नावाची खोटी पत्रे मात्र फिरतात. जागा आपली, भाडे आपल्याला यायचे. मग आधी पैसे आपण का भरायचे? बँक खाते एखाद्या माणसाच्या नावाचे आणि भरण्याची घाई, ही खोट्याची खूण. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पत्र, पाकीट व पावती जपून ठेवा. विश्रामबागकरांनी विश्रामबाग पोलीस ठाण्यात, इतरांनी जवळच्या ठाण्यात तक्रार द्यावी.