भाकरी कसली यापेक्षा भाकरी किती

ग्रामीण भारतात दर 100 प्रौढांमागे 15.2 जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत, शहरांत 15.4. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह-अभ्यासाचे हे आकडे आहेत. खेडे आणि शहर यांतले अंतर इथे जवळपास संपले आहे. 2011 च्या जनगणनेत 45.43 लाख लोकसंख्येपैकी सुमारे 80 टक्के लोक खेड्यांत राहत असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्याला ही बाब थेट लागू पडते.

प्रत्यक्ष मधुमेहात मात्र अंतर टिकून आहे: शहरांत 16.4 टक्के, खेड्यांत 8.9. म्हणजे खेड्यात एका मधुमेहीमागे 1.7 जण उंबरठ्यावर आहेत, शहरात 0.9. महाराष्ट्राचे चित्र याच अभ्यासाच्या 2011 मधल्या पहिल्या टप्प्यात दिसले होते: मधुमेह 8.4 टक्के, उंबरठ्यावर 12.8 टक्के, संख्येत 60 लाख आणि 92 लाख. तमिळनाडूत तेव्हा उलट होते, 10.4 आणि 8.3.

उंबरठ्यावरून मागे फिरता येते का, याचे उत्तर चेन्नईच्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहे. उंबरठ्यावरच्या 531 जणांना तीन वर्षे पाहिले. नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात 55 टक्क्यांना मधुमेह झाला. आहार आणि रोजच्या चालण्याचे मार्गदर्शन मिळालेल्या गटात 39.3 टक्क्यांना. दर 100 मध्ये जवळपास 16 जण वाचले. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत प्रमाण 40.5 होते, दोन्ही एकत्र घेतल्यावर 39.5. आहार आणि चालणे गोळीच्या बरोबरीचे ठरले. आणखी एक गोष्ट: मार्गदर्शन मिळालेल्या गटाचे सरासरी वजन घटले नव्हते, तरी धोका घटला. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

घरगुती औषधांचे आकडे असे बोलत नाहीत. कारल्यावरच्या चार चाचण्या, 479 रुग्ण. दालचिनीवरच्या दहा चाचण्या, 577 रुग्ण. 2012 मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने दोन्हींचा आढावा घेतला आणि साखर आटोक्यात येते असे म्हणण्याइतका पुरावा एकातही सापडला नाही. कारल्याची भाजी जरूर खावी; तिच्या भरवशावर गोळी किंवा इन्शुलिन बंद करू नये.

भाकरीचा हिशेब अनेकांना अनपेक्षित वाटेल. 100 ग्रॅम गव्हाच्या पिठात सुमारे 64 ग्रॅम कर्बोदके असतात, बाजरीत 62, ज्वारीत 68. तंतूही 10 ते 11.5 ग्रॅमच्या दरम्यान. 2025 मधल्या इंडियाबच्या आहारविश्लेषणाचा निष्कर्ष याच्याशी जुळतो: भारतीय आहारातले 62 टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, आणि त्यांचे एकूण प्रमाण न घटवता पांढऱ्या तांदळाऐवजी अख्ख्या गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ घेतल्याने धोका कमी झालेला दिसला नाही. 5 टक्के उष्मांक कर्बोदकांऐवजी डाळी-कडधान्ये किंवा दुधाच्या प्रथिनांतून घेतल्यास मात्र कमी दिसला.

रोज 2,000 उष्मांक घेणाऱ्यासाठी 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम कर्बोदके, बाजरीचे सुमारे 40 ग्रॅम पीठ. पर्याय अहिल्यानगरच्या स्वयंपाकघरात आहे. बाजरीत 100 ग्रॅमला 11 ग्रॅम प्रथिने, हुलग्यात जवळपास 22. पण हुलग्यातही 57 ग्रॅम कर्बोदके आहेत. हुलग्याचे शेंगोळे भाकरीसोबत खाल्ले तर कर्बोदकांत भर पडते. अर्धी भाकरी कमी करून खाल्ले तर हिशेब जुळतो.

शेवटचा आकडा सर्वांत जड आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या अंदाजाने 2021 मध्ये भारतात 7.42 कोटी मधुमेही होते, 2024 मध्ये 8.98 कोटी, तीन वर्षांत 21 टक्के वाढ. त्यांतल्या 43 टक्क्यांना आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊक नाही. ठाऊकच नसेल तर पथ्य कोण पाळणार?

तपासणी गावातूनच होऊ शकते. गावच्याच बाईला शिकवून आरोग्यसेविका करण्याचे काम डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातच, जामखेडला, 1970 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून करून दाखवले. आज आशाताईंच्या तपासणी अर्जात कंबरेचे माप विचारले जाते: पुरुषाला 90 सेंटिमीटर, बाईला 80, त्याच्या पुढे धोक्याचे गुण वाढतात. तिशी ओलांडलेल्यांची रक्तशर्करा सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. भाकरी बदलण्याआधी ही दोन मापे घ्यावीत.