हॉट रॉडचे पाचवे चाक

जुन्या मोटारीची हॉट रॉड करताना मडगार्ड आणि फूटबोर्ड यांच्याबरोबरच गाडीवरून उतरणारा भाग म्हणजे स्टेपनी. हॉट रॉड ही वेगासाठी हलकी आणि ताकदवान केलेली जुनी गाडी. कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर अशा गाड्यांच्या शर्यती १९३०च्या दशकात गाजू लागल्या आणि १९३७ मध्ये त्यांच्यासाठी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संघटना उभी राहिली. १९२८ ते १९३१ या काळातली फोर्ड मॉडेल ए आणि १९३२ची व्ही-८ इंजिनाची फोर्ड या तिथल्या आवडत्या गाड्या. सपाट तळावर काही मैल सरळ धावून थांबणाऱ्या गाडीला पाचव्या चाकाची गरज नव्हती. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला ती आहे. मडगार्ड गेले, मागची-पुढची चाके वेगळ्या मापांची झाली, काही वेळा ॲक्सलही बदलला, की स्टेपनी कुठे आणि कोणत्या मापाची ठेवायची हा गणिताचा प्रश्न होतो.

बेंगळूरुत या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे. जुन्या मोटारी जपणाऱ्यांचे हे मोठे केंद्र असून कर्नाटक व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब याच शहरातला. सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेला जे. सी. रोड इथलाच. शहरात पंक्चरलाही तोटा नाही. दशकभरापूर्वी आउटर रिंग रोडवर इतके खिळे सापडत, की एका संगणक अभियंत्याने कामावर जाता-येता चुंबकाच्या काठीने ते किलोंनी गोळा केले आणि त्याची बातमी देशभर पोहोचली.

स्टेपनीचा जन्म

पहिल्या मोटारींची चाके लाकडी आऱ्यांची आणि आसाला पक्की बसवलेली असत. पंक्चर झाले की चाक काढता येत नसे. चालकाला रस्त्यातच टायर उचकटून ट्यूब बाहेर काढावी लागे आणि ठिगळ लावून पुन्हा बसवावी लागे. वेल्समधल्या लानेली गावात टॉम आणि वॉल्टर डेव्हिस या बंधूंनी १९०४ मध्ये यावर तोड काढली. त्यांनी आरे नसलेली एक गोल धाव तयार केली, तिच्यावर हवा भरलेला टायर चढवला आणि ती पंक्चर झालेल्या चाकाला बाजूने चापांनी आवळण्याची सोय केली. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते. ‘स्टेपनी’ हे नाव तिथूनच आले. पुढे चाके नट सोडून काढता येऊ लागली, पूर्ण चाकच जादा बाळगले जाऊ लागले, आणि भारतीय रस्त्यांवर नाव मात्र तेच राहिले.

१९३०च्या सुमारास स्टेपनीच्या दोन जागा रूढ होत्या. एक गाडीच्या मागे, चेसिसला जोडलेल्या कंसावर उभी. दुसरी पुढच्या मडगार्डमध्ये केलेल्या खोलगट खाचेत. महागड्या गाड्यांवर दोन्ही बाजूंना एकेक. बेंगळूरु–म्हैसूर मार्गावर श्रीरंगपट्टणजवळच्या ‘पयण’ या मोटार संग्रहालयात जुन्या गाड्या पाहताना स्टेपनीची जागा मुद्दाम न्याहाळावी. गाडीचा काळ ओळखण्याची ती एक चांगली खूण आहे.

किट पुरत नाही, कारण ट्यूब

केंद्र सरकारने २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना काही अटींवर स्टेपनीतून सूट दिली. टायर ट्यूबलेस हवेत, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा हवी आणि पंक्चर दुरुस्तीचे किट हवे. जुन्या फोर्डसारख्या गाडीत यातली पहिलीच अट अडते. तिच्या तारांच्या चाकांची रिम ट्यूबलेस टायरसाठी बनवलेली नसते, म्हणून ट्यूब लागतेच. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर आतला रबरी थर त्याला घट्ट धरून बसतो आणि हवा सावकाश जाते. ट्यूब मात्र पातळ आणि ताणलेली असते. खिळा हलताच भोक फाटते आणि हवा टायर-ट्यूबमधल्या पोकळीतून वाल्व्हच्या भोकावाटे झपाट्याने बाहेर पडते. किटमधला द्रव अशी फाटलेली ट्यूब बुजवू शकत नाही. त्यामुळे या गाडीला जादा चाक किंवा निदान जादा ट्यूब आणि टायर काढण्याची हत्यारे यांना पर्याय नाही.

वजन कुठे पडते

टायरसह पोलादी चाकाचे वजन २२ किलो धरू. १९३२च्या फोर्डच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर १०६ इंच, म्हणजे २.६९ मीटर. स्टेपनी मागच्या ॲक्सलच्या ०.७ मीटर मागे टांगली, तर तराजूच्या दांडीप्रमाणे गाडी मागच्या ॲक्सलवर तोलली जाते. मागच्या चाकांवर २२ नव्हे, सुमारे २८ किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा भार जवळजवळ ६ किलोंनी कमी होतो.

याहून महत्त्वाचा परिणाम वळणावर दिसतो. गाडीचे तोंड वळवायला होणारा विरोध, म्हणजे तिचे घूर्णन-जडत्व, वस्तुमानाला गुरुत्वमध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणून मिळते. मागे टांगलेली स्टेपनी गुरुत्वमध्यापासून २.१ मीटरवर असेल तर तिचा वाटा सुमारे ९७ किलोग्रॅम-मीटर वर्ग होतो. तेच चाक आसनामागे, ०.९ मीटरवर ठेवले तर तो १८ वर येतो. वजन तेच, पण वळणावरचा परिणाम पाचव्या हिश्शाच्या आसपास. पूर्ण गाडीच्या हिशोबात ही बचत काही टक्क्यांची असली, तरी हॉट रॉडमध्ये एकेक किलो याच कारणासाठी उतरवलेला असतो. मडगार्डच्या खाचेतली एकच स्टेपनी गाडीला एका बाजूला जड करते. दोन असतील तर तोल साधतो, पण वजन दुप्पट होते. मडगार्ड काढून टाकले असतील तर ही जागा उरतच नाही.

म्हणून उत्तम जागा आसनामागची किंवा डिकीच्या तळाची, आणि चाक शक्य तितके खाली, आडवे. तिथे ते पक्के बांधलेले हवे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून ०.७ मीटरमध्ये थांबली, तर २२ किलोचे सुटे चाक ३०० किलोंहून जास्त वजनाच्या जोराने पुढे, म्हणजे माणसांच्या पाठीवर येते. चेसिसला बोल्टने जोडलेला पट्टा किंवा मधोमध आवळणारा जाड बोल्ट हाच यावर उपाय आहे.

मागेच टांगायची असेल, तर कंस चेसिसच्या पट्टीला जोडावा, डिकीच्या पत्र्याला नाही. खड्ड्यात किंवा गतिरोधकावर क्षणभर वजनाच्या तिप्पट जोर आला, तर कंसाला ६६ किलोंचा झटका बसतो. असे हजारो झटके बसले की एका झटक्यात कधीही न तुटणारे लोखंडही थकते आणि वेल्डिंगच्या कडेला बारीक भेग पडून ती वाढत जाते. कंस आणि बॉडी यांना जोडणारी आडवी पट्टी दिली की हे हेलकावे कमी होतात. दर काही महिन्यांनी जोड पुसून, उजेडात तपासावेत.

एका चाकात दोन मापे

हॉट रॉडची ओळखच मुळी पुढे लहान आणि मागे मोठी चाके अशी असते. मागची चाके गाडी ढकलतात. रुंद, उंच टायरने पकड वाढते. पण त्यामुळे एकच स्टेपनी चारही ठिकाणी बसेल ही सोय संपते. पंक्चर बहुधा मागेच होते, कारण आडवा पडलेला खिळा पुढचे चाक उडवून उभा करते आणि तो मागच्याला लागतो.

मागच्या टायरचा व्यास ७६ सेंटिमीटर आणि पुढच्याचा ६६ असेल, तर एका किलोमीटरला पहिला ४१९ आणि दुसरा ४८२ फेरे फिरतो. मागे एका बाजूला पुढच्या मापाची स्टेपनी लावली, तर सरळ रस्त्यावरही दोन चाकांत दर किलोमीटरला ६३ फेऱ्यांचा फरक पडतो. एरवी वळणापुरते काम करणारे डिफरन्शियलचे लहान गिअर सतत फिरत राहतात, तापतात आणि झिजतात. शिवाय ॲक्सलचे ते टोक ५ सेंटिमीटर खाली येते. म्हणून अशी स्टेपनी पंक्चरच्या दुकानापर्यंत, हळू वेगाने, एवढ्यापुरतीच वापरावी. लांबच्या प्रवासाला मागच्या मापाचे चाक न्यावे. ते पुढे लावले तर गाडी एका बाजूला थोडी उचलली जाते, पण पुढच्या ॲक्सलला डिफरन्शियल नसल्याने यंत्राला इजा होत नाही. मात्र स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर कुठे घासत नाही ना, हे घरीच पाहून ठेवावे.

आधुनिक गाडीची अरुंद, हलकी स्टेपनीही काही जण वापरतात. तिच्यात ६० पौंड, म्हणजे ६० पीएसआय हवा लागते आणि वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर असते. ती बसेल की नाही हे बोल्टांच्या वर्तुळावर ठरते. जुन्या फोर्डचे पाच बोल्ट साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळात असतात. मागचा ॲक्सल दुसऱ्या गाडीचा असेल तर हे वर्तुळ वेगळे असू शकते. मधले भोक आणि ब्रेकचा ड्रमही आड येऊ शकतो. म्हणून स्टेपनी प्रत्येक ठिकाणी एकदा प्रत्यक्ष बसवून पाहणे ही सर्वांत भरवशाची चाचणी आहे.

कायद्याची चौकट

केंद्राने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. गाडी मूळ रूपात असावी लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी या व्याख्येत बसत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ही निर्मात्याच्या मूळ रचनेहून वेगळे बदल करायला मज्जाव करते. पूर्ण हॉट रॉड त्यामुळे प्रदर्शनाच्या किंवा बंदिस्त ट्रॅकच्याच कामाची. मूळ रूपातल्या गाडीवर स्टेपनी तिच्या मूळ जागीच शोभते. नवा कंस लावायचाच असेल तर चेसिसमध्ये आधीपासून असलेल्या भोकांतून बोल्टने लावावा. नवे भोक पाडू नये, वेल्डिंग करू नये. पुढचा मालक तो काढून गाडी पूर्ववत करू शकेल.

हवा आणि रबर

बेंगळूरु समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तिथे वातावरणाचा दाब मुंबईपेक्षा साधारण दीड पौंडाने कमी असतो. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. त्यामुळे मुंबईत ३० पौंड भरलेला टायर त्याच तापमानाला बेंगळूरुत साडेएकतीस दाखवील. तापमान १० अंशांनी वाढले तरीही जवळपास तेवढीच वाढ होते. म्हणून हवा नेहमी टायर गार असताना, ज्या गावी गाडी चालवायची तिथेच तपासावी. रबरातून हवा कणाकणाने झिरपते आणि महिन्याला एखादा पौंड कमी होतो. स्टेपनीकडे वर्षभर कोणी पाहत नाही, म्हणून नेमकी तीच गरजेच्या वेळी बसलेली सापडते. तिच्यात नेहमीपेक्षा चार-पाच पौंड जास्त हवा ठेवून, लावताना ती बेताची करणे सोयीचे.

न फिरलेला टायरही म्हातारा होतो. हवेतला ओझोन रबराच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो आणि बाजूंवर बारीक चिरा पडतात. रबरात मिसळलेले मेण यापासून राखण करते, पण टायर फिरताना दाबला-सुटला जातो तेव्हाच ते पृष्ठभागावर चांगले येत राहते. उघड्यावर, उन्हात टांगलेल्या स्टेपनीला हे संरक्षण कमी मिळते. जाड कापडाचे झाकण ऊन अडवते, मात्र त्यात पाणी साचू देऊ नये. २००० नंतरच्या टायरवर चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष कोरलेले असते: २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांनंतर खाच कितीही शिल्लक असली तरी टायर बदलावा.

स्टेपनीबरोबरच्या वस्तूही ठरलेल्या: गाडीच्या ॲक्सलखाली जाईल एवढा बुटका आणि चाक सुटेल इतका उचलणारा जॅक, नटांना नेमका बसणारा पाना, मऊ मातीवर जॅकखाली ठेवायची लाकडी फळी आणि चाकांना लावायचे दोन ठोकळे. बसलेल्या टायरमुळे ॲक्सल नेहमीपेक्षा खाली आलेला असतो, म्हणून जॅकची चाचणी एका चाकातली हवा सोडूनच घ्यावी.