जुन्या पेडल स्टील गिटारचे कूळ

जुनी सतार हातात आली की जाणता माणूस प्रथम तिचे पडदे पाहतो. कोणत्या पडद्यावर तारेने खाच पाडली आहे, दांडीवर बोट कोठे अधिक घासले आहे, यावरून तिच्यावर रियाज झाला की ती नुसती दिवाणखान्याची शोभा होती, हे त्याला कळते. पेडल स्टील गिटार या अमेरिकन वाद्याच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही. या वाद्याला पडदे असतात, पण ते पट्टीवर नुसते रेखलेले. तारा त्यांच्या बर्‍याच वर ताणलेल्या असतात. डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकते आणि तार पट्टीला कधीच टेकत नाही. तेव्हा तीस वर्षे रोज रात्री वाजवलेले वाद्य आणि तीस वर्षे माळ्यावर पडून राहिलेले वाद्य वरून पाहता जवळजवळ सारखेच दिसू शकते. त्याचा इतिहास वर नसतो, खाली असतो. वाद्य पालथे घालावे लागते.

अमेरिकेत अशी वाद्ये जुन्या बाजारात अधूनमधून येतात. एक काळी, अवजड पेटी. आत फळीसारखे लांबट वाद्य, त्याचे सुटे चार पाय, पेडलांची पट्टी आणि काही सळया. विकणार्‍याला बहुधा एवढेच ठाऊक असते की, 'आमचे मामा वाजवीत असत.' मामा कोण, कोठे वाजवीत, वाद्य त्यांनी नवे घेतले की तेही कोणाकडून जुनेच आणले, याचा कागद नसतो. घेणार्‍याने काय करावे?

त्याआधी या वाद्याची घराणेकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. हवाई बेटांवर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा तुकडा सरकवण्याची पद्धत निघाली. तिचे श्रेय सामान्यतः ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू यांना देतात. काही जण मात्र गेब्रियल डेव्हियन नावाच्या, जन्माने भारतीय असलेल्या खलाशाकडे बोट दाखवतात. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर हवाईचे संगीत अमेरिकाभर पसरले. १९३२ च्या सुमारास या गिटारला विजेची जोड मिळाली. (रिकनबॅकरच्या त्या पहिल्या वाद्याचा आकार असा होता की लोकांनी त्याला सरळ 'तळणीचा तवा' म्हटले.) हीच हवाईयन गिटार आपल्याकडेही आली, आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ती संतूर आणि बासरीच्या शेजारी बसलेली आहे. आपल्या संगीताला तेवढे पुरे झाले, कारण मींड काढायला एक तार आणि एक कांडी बस्स. अमेरिकन वादकाची अडचण निराळी होती. त्याला एकाच वेळी तीन स्वर हवे होते, आणि कांडी तर सगळ्या तारा सारख्याच वर किंवा खाली नेते.

ही अडचण आपल्या भाषेत मांडून पाहू. तीन तारा सा, ग, प अशा मिळवल्या आहेत. कांडी सरकवली की तिन्ही मिळून सरकतात. त्यांचे आपसातील नाते बदलत नाही. आता समजा, पायाने एक पेडल दाबले आणि फक्त पंचमाची तार ओढली जाऊन धैवत झाली. दुसरे पेडल दाबले आणि गंधाराचा मध्यम झाला. षड्ज मात्र जागच्या जागी राहिला. सा-ग-प चे सा-म-ध झाले. एक स्वर स्थिर आणि दोन स्वर त्याच्याभोवती मींड घेत वर गेलेले! या वाद्याचा तो सुप्रसिद्ध हुंदका म्हणजे एवढेच.

पेडले १९४० च्या आधीही होती, पण ती वाजवण्यापूर्वी स्वरमेळ बदलण्यासाठी वापरीत. १९५३ च्या अखेरीस वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबले. १९५४ मध्ये ते गाणे गाजले आणि स्टील गिटार वाजवणारा जो तो पेडलांच्या मागे लागला. आयझॅक्स यांचे वाद्य पॉल बिग्सबी यांनी घडवलेले होते. बिग्सबी हे कॅलिफोर्नियातील कारागीर, मोटारसायकलींच्या यंत्रकामात मुरलेले. १९४८ मध्ये त्यांनी स्पीडी वेस्ट यांना पेडलांची गिटार करून दिली. ते एकेक वाद्य हाताने करीत आणि समोरच्या फळीवर मालकाचे नाव मोठ्या अक्षरांत बसवीत. असे वाद्य हाती आले तर पहिल्या मालकाचा शोध तेथेच संपतो. पण बिग्सबींची वाद्ये थोडी आणि मागणारे फार. म्हणून पुष्कळांनी जुन्या वाद्यांना घरीच पेडले बसवली, सळया वाकवल्या, भोके पाडली. टेनेसीतील शॉट जॅक्सन आणि तरुण वादक बडी एमन्स यांनी १९५७ च्या सुमारास जो कारखाना काढला त्याचे नाव 'शो-बड', दोघांच्या नावांतून जुळवलेले. १९६३ मध्ये एमन्स यांनी स्वतंत्र होऊन आपल्या नावाची कंपनी काढली. म्हणजे हे वाद्य कारखान्यात शोधले गेले आणि नंतर वादकांनी वापरले, असे घडलेले नाही. वादकच सुधारणा करीत गेले आणि कारखाने त्यांच्या मागून आले. जुन्या पेडल स्टीलचे कूळ शोधताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

आता वाद्य पालथे घालू. प्रत्येक पेडलापासून एक उभी सळई वर येते, ती एक आडवा दांडा फिरवते, दांड्यावरील छोटी तरफ एक लांब सळई ओढते, आणि ती सळई उजव्या टोकाशी तारेखालचा धातूचा तुकडा किंचित कलंडवते. तार तेवढी ताणली जाते वा सैल होते. सळयांऐवजी पोलादी दोर आणि आठच तारा असतील तर ते १९५७-५८ च्या सुमारास निघालेले फेंडर कंपनीचे मॉडेल असण्याचा संभव अधिक. काही सळया ओढणार्‍या आणि काही ढकलणार्‍या असतील तर एमन्सची जुनी रचना. पट्टीवर बदाम, किलवर, चौकट, इस्पिक अशी पत्त्यांची चित्रे असतील तर शो-बड. पण पट्टी चार स्क्रूंनी बदलता येते. केवळ पट्टीवरच्या चित्रावर विसंबून किंमत मोजणारा फसतो.

साल कळण्याची एक चांगली खूण आवाजाच्या किंवा नादाच्या बटणात, जेथे अशी बटणे असतील तेथे, सापडते. बटणाच्या आतल्या डबीवर पुष्कळदा सात आकडे उठवलेले असतात. उदाहरणार्थ, १३७६६३३. यातील १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा क्रमांक, ६६ हे वर्ष, ३३ हा आठवडा. म्हणजे डबी १९६६ च्या ऑगस्टमधली. यावरून वाद्य १९६६ चेच ठरत नाही. कारखाने असा माल ठोकाने आणून ठेवीत. डबी मूळची असेल, तिचे जोड पुन्हा डाखलेले नसतील, तर वाद्य त्या ऑगस्टच्या आधीचे नाही, एवढेच निश्चित म्हणता येते. आणि पायाखालच्या वेगळ्या आवाज-पेडलातील डबीवरून तर वाद्याविषयी काहीच म्हणू नये. ते पेडल कोणीही, केव्हाही घेतलेले असते.

हे झाले कारखान्यापर्यंतचे कूळ. माझ्या मते खरी गोडी पुढेच आहे. पेडलांच्या मांडणीच्या दोन परंपरा आहेत: एक बडी एमन्स यांची, दुसरी जिमी डे यांची. अगदी डावीकडच्या पेडलाची सळई धरून तारांपर्यंत जावे. नॅशव्हिलच्या रूढ दहा तारांच्या मेळात ती पाचवी आणि दहावी तार ओढत असेल तर मांडणी एमन्सची. चौथी आणि पाचवी ओढत असेल तर डे यांची. पावलाची सवय सहसा बदलत नाही. तेव्हा शेवटचा वादक कोणत्या पंथाचा, हे येथे कळते. गुडघ्याने हलवायच्या तरफा १९६० नंतरच्या दशकात सर्रास आल्या. एखाद्या तरफेचे धातुकाम इतरांहून निराळे असेल आणि तिच्या स्क्रूंभोवतीचे लाकूड उजळ दिसत असेल, तर ती मागाहून बसवलेली. शेजारी दोन रिकामी भोके असतील तर ती आधी तेथे होती. नव्या मालकाचा पाय अधिक लांब असावा! पेडलांवरील कंपनीच्या नावाची अक्षरे पहिल्या दोन पेडलांवर पुसट आणि उरलेल्यांवर ठसठशीत असतील, तर कोणते सूर अधिक वाजले हे निराळे सांगायला नको.

आणि नेमके हेच सारे 'दुरुस्ती'त नाहीसे होते. जुने वाद्य घेणार्‍याला ते कारखान्यातून आले तसे करण्याची हौस असते. भोके बुजतात, विजोड तरफा भंगारात जातात, खालची बाजू घासून पॉलिश होते. वाद्य सुंदर दिसते, बाजारात किंमतही कदाचित चढते. पण 'आमचे मामा' त्यातून कायमचे निघून जातात. यंत्र अडकत असेल तर तेल द्यावे, सडलेली स्प्रिंग बदलावी, यात गैर काही नाही. निदान हात लावण्यापूर्वी खालच्या बाजूची छायाचित्रे घ्यावीत आणि कोणती सळई तरफेच्या कोणत्या भोकातून कोणत्या तारेकडे जाते, हे कागदावर उतरवावे. सळयांच्या टोकाला, वाद्याच्या उजव्या अंगाला, पुष्कळ वाद्यांत लहान नायलॉनचे नट असतात. प्रत्येक तार किती चढावी, हे त्यांवर ठरते, आणि आधीच्या माणसाने ते आपल्या कानाने लावलेले असतात. नव्या तारा चढवण्याआधी, जुन्या शाबूत असतील तर, एकेक पेडल दाबून तो स्वर ऐकून घ्यावा. नट एकदा फिरला की तो पुन्हा ऐकू येणार नाही.