सांचीचा घोडा आणि विहारातील तक्ता

जयंती जवळ आली की विहारात मुलांकडून इतिहासाचा तक्ता करून घेतला जातो. एक आडवी रेघ. डावीकडे बुद्ध आणि सम्राट अशोक. उजवीकडे महात्मा फुले, १८९१ आणि १४ ऑक्टोबर १९५६. मधली जागा कोरी.

ही मोजपट्टीची रेघ तशी अलीकडची. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी १७६५ मध्ये चरित्रांचा तक्ता छापला. त्यात जेवढे आयुष्य तेवढी रेघ होती.

सांचीच्या शिल्पकारांनी काळ वेगळ्या पद्धतीने दाखवला. पूर्व तोरणाच्या मधल्या तुळईवर महाभिनिष्क्रमण कोरलेले आहे. (गृहत्यागाचे कारण बाबासाहेबांनी रोहिणीच्या पाण्याच्या वादात शोधले, शिल्पात परंपरागत कथा आहे.) कपिलवस्तूतून निघालेला कंथक एकाच पटावर पुन्हा पुन्हा दिसतो. पाठीवर कुणी नाही, वर छत्र. शेवटी ते छत्र पावलांच्या ठशांवर येते आणि छन्न घोडा घेऊन परत फिरतो. चौकटी नाहीत, तारखा नाहीत, तरी आधी काय आणि नंतर काय हे कळते.

तिथली रिकामी जागा बुद्धांची आहे. आपल्या तक्त्यातली कोरी जागा मात्र मुलांना सांगते, की मध्ये काही घडलेच नाही. कार्ल्याच्या खांबांवर दात्यांची नावे आहेत, अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात भवचक्र आहे, नालंदा आहे, चोखामेळा आहेत. यंदा शंभर वर्षांना चार बोटे जागा द्या. तक्ता सहा-सात फूट होईल, भिंत पुरते.